लॅपटॉपचा ड्राइव्ह डिस्क वाचतो, पण राइट करताना अडतो: दोष नेमका कुठे आहे ते कसं शोधायचं

तक्रार साधारण अशी असते. लॅपटॉपमध्ये जुनी कुठलीही सीडी किंवा डीव्हीडी घातली की ती नीट चालते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्ह दिसतो, ट्रे उघडतो-मिटतो, आवाजातही काही वावगं नाही. पण कोरी डिस्क घालून राइट करायला गेलं की कधी पहिल्याच मिनिटात एरर येते, कधी ९५ टक्क्यांवर, आणि कधी तर काम पूर्ण झाल्याचा निरोप येऊनही ती डिस्क दुसऱ्या मशीनवर उघडत नाही. मग कुणीतरी सांगतं म्हणून ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला जातो, त्यानंतरच्या दोन डिस्क व्यवस्थित निघतात, आणि आठवड्याभराने गाडी पुन्हा तिथेच अडते.

मी हा त्रास जवळजवळ वर्षभर काढला आहे. घरातल्या जुन्या कॅसेटवरचे आवाज डिजिटल करून त्याच्या प्रती नातेवाइकांना द्यायच्या होत्या. त्या कॅसेटमधली काही माणसं आता नाहीत, त्यामुळे काम मनापासून करायचं होतं आणि प्रत्येक प्रत खात्रीची हवी होती. त्या वर्षात मी दोनदा विंडोज नव्याने टाकलं आणि तीन वेगवेगळी बर्निंग सॉफ्टवेअर वापरून बघितली. शेवटी कळलं की माझ्या बाबतीत एक नाही, तीन दोष एकमेकांत मिसळले होते, आणि त्यातला एकही विंडोजचा नव्हता. तीन दोष असले की एक दुरुस्त केल्यावर थोडी सुधारणा दिसते, आपल्याला वाटतं सुटलं, आणि उरलेले दोन पुन्हा डोकं वर काढतात. हा प्रश्न वारंवार परत येतो त्याचं सर्वांत मोठं कारण हेच असावं असं मला वाटतं.

म्हणून काहीही उघडण्याआधी, पुसण्याआधी किंवा अनइन्स्टॉल करण्याआधी एक वही घ्या. प्रत्येक फसलेल्या डिस्कसाठी एवढंच लिहा: डिस्कचा प्रकार आणि ब्रँड, निवडलेला वेग, किती टक्क्यांवर थांबली, पडद्यावर आलेला एररचा मजकूर जसाच्या तसा, आणि ती त्या दिवशीची कितवी डिस्क होती. पाच-सहा नोंदी झाल्या की दोष कुठल्या बाजूला आहे ते बहुतेक वेळा दिसायला लागतं. टक्केवारी सर्वांत महत्त्वाची. डिस्कवर डेटा आतून बाहेर लिहिला जातो, त्यामुळे टक्केवारी म्हणजे लेझर त्या वेळी डिस्कच्या कुठल्या भागावर होता याचा पत्ता असतो.

वाचता येतं म्हणजे लिहिता येतं असं नाही

हा गैरसमज आधी दूर करायला हवा, कारण त्यापायी लोक महिनोन्‌महिने सॉफ्टवेअरच्या मागे लागतात. वाचताना लेझरला फक्त डिस्कवरून परत आलेला प्रकाश बघायचा असतो. लिहिताना त्याला रंगद्रव्याच्या थरात उष्णतेने खुणा उमटवायच्या असतात, आणि त्याला वाचण्यापेक्षा कित्येक पट जास्त शक्ती लागते. लेझर डायोड (लेझरचा प्रकाश देणारा भाग) म्हातारा होतो तेव्हा ही वरची ताकद आधी जाते. त्यानंतरही तो वर्षानुवर्षं डिस्क वाचत राहू शकतो.

दुसरी गोष्ट, सीडी आणि डीव्हीडीचा लेझर एकच नसतो. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा अवरक्त लेझर लागतो, डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल, आणि ब्लू-रेसाठी ४०५ नॅनोमीटरचा. एकाच लेन्सच्या मागे हे वेगवेगळे डायोड बसवलेले असतात. त्यामुळे सीडी छान राइट होते आणि डीव्हीडी एकही होत नाही, किंवा याच्या उलट, हे अगदी शक्य आहे. आणि तसं होत असेल तर ती मोठी खूण आहे: केबल, विंडोज, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) हे सगळं दोघांना सामाईक आहे, डायोड सामाईक नाही. म्हणून पहिली चाचणी हीच करा. एक सीडी-आर, एक डीव्हीडी-आर आणि एक डीव्हीडी+आर, तिन्ही चांगल्या कंपनीच्या, तिन्ही मधल्या वेगाने. निकाल वहीत लिहा.

त्याच्याही आधी ड्राइव्ह मुळात डीव्हीडी रायटर आहे ना तेवढं बघून घ्या. जुन्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये कॉम्बो ड्राइव्ह येत असे, जो डीव्हीडी फक्त वाचतो आणि सीडी तेवढी राइट करतो. ट्रेच्या पुढच्या पट्टीवरच्या खुणा वाचा. नुसतं डीव्हीडी-रॉम आणि सीडी-आरडब्ल्यू लिहिलेलं असेल तर डीव्हीडी राइट होण्याची वाट बघण्यात अर्थ नाही. आणि डीव्हीडीच्या रीजन कोडचा राइट करण्याशी काही संबंध नाही. तो फक्त विकत घेतलेल्या चित्रपटांच्या डिस्कपुरता असतो.

सुरुवातीलाच थांबत असेल तर

० ते ५ टक्क्यांत थांबणाऱ्या डिस्कबरोबर बहुतेक वेळा पॉवर कॅलिब्रेशनची एरर येते. खरं लिखाण सुरू करण्याआधी ड्राइव्ह डिस्कच्या अगदी आतल्या कडेला राखून ठेवलेल्या पट्ट्यात लेझरची शक्ती कमी-जास्त करत छोट्या चाचण्या घेतो आणि या डिस्कला किती शक्ती पुरेल ते ठरवतो. कुठल्याच शक्तीला समाधानकारक खूण उमटली नाही की तो हात टेकतो. तपशिलात एरर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती ०३/७३/०३ अशी दिसते.

हे आकडे वाचायला शिकून घ्या, फार उपयोगी आहेत. पहिला आकडा दोषाची जात सांगतो: ०२ म्हणजे ड्राइव्ह तयार नाही, ०३ म्हणजे डिस्कच्या माध्यमाशी संबंधित दोष, ०४ म्हणजे हार्डवेअर, ०५ म्हणजे ड्राइव्हला न झेपणारी किंवा चुकीची आज्ञा. ०३/०सी/०० ही सरळ राइट एरर. ०५ वारंवार येत असेल तर डिस्कचा प्रकार किंवा सॉफ्टवेअरमधली निवड तपासा, लेन्स पुसायला बसू नका.

कॅलिब्रेशन फसण्याची कारणं बहुधा तीनच: लेन्सवर धूळ, ड्राइव्हला न मानवणारी डिस्क, किंवा थकलेला डायोड. स्वस्तातलं काम आधी म्हणून लेन्सपासून सुरुवात करू.

ट्रेवाल्या लॅपटॉप ड्राइव्हची एक सोय आहे जी डेस्कटॉपच्या ड्राइव्हमध्ये नाही. त्याची लेन्स ट्रेवरच असते. ट्रे उघडलात की मधल्या चकतीशेजारी खाचेत काचेच्या मण्यासारखा निळसर झाक असलेला ठिपका दिसतो, तीच लेन्स. म्हणजे ट्रे उघडा राहिला की सगळी धूळ थेट तिच्यावर बसते, आणि पुसायचीही तितकीच सोपी. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा. ट्रे आपोआप उघडणार नाही, म्हणून बंद करण्याआधीच उघडून ठेवा, किंवा पुढच्या बारीक भोकात सरळ केलेली कागदाची क्लिप घालून हलकेच दाबा. आधी हातपंपाने हवा मारून सुटी धूळ उडवा. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे थेंब बसतात. मग कानाच्या काडीच्या कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा अगदी थोडा ओलावा द्या आणि लेन्सवर मधून बाहेर अशी गोल फिरवा. कोरड्या काडीने पुन्हा एकदा. हात इतका हलका हवा की लेन्स जेमतेम हलेल, कारण ती केसासारख्या बारीक तारांवर तरंगत असते. नेलपॉलिश काढायचं द्रावण चुकूनही वापरू नका, त्यातल्या अ‍ॅसिटोनने लेन्सचं प्लास्टिक कायमचं धुरकटतं. ब्रश लावलेल्या क्लीनिंग डिस्क मिळतात, त्या मी वापरत नाही. सपाट ड्राइव्हमध्ये जागा फार कमी असते आणि त्या ब्रशने लेन्स तिरपी होण्याची मला धास्ती वाटते.

पुसून झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं वाळू द्या. आणि ट्रे उघडा असताना ड्राइव्ह चालू ठेवून लेन्समध्ये डोकावू नका. सीडीचा लेझर तर डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे तो चालू आहे की नाही हे कळणारही नाही.

त्याच वेळी मधली चकती बघून घ्या. डिस्क ज्या गोल चकतीवर बसते तिच्यात स्प्रिंगवर चालणाऱ्या बारीक पकडी असतात. डिस्क ठेवून मध्यभागी दाबली की टक् असा आवाज यायला हवा आणि बोटाने फिरवल्यावर ती डुगडुगता कामा नये. दाबताना दुसऱ्या हाताने ट्रेला खालून आधार द्या. आधार नसला तर ट्रे वाकतो आणि कालांतराने त्याची रुळं ढिली होतात. अर्धवट बसलेली डिस्क वाचली जाते, कारण चुकलेला भाग ड्राइव्ह पुन्हा पुन्हा वाचू शकतो. लिहिताना ती मुभा नसते.

माझ्या तीन दोषांपैकी पहिला हाच होता: लेन्सवर धुळीचा पातळ थर. पुसल्यावर सीडी लगेच राइट व्हायला लागली. डीव्हीडी मात्र ९० टक्क्यांच्या पुढे जाईना.

शेवटाकडे थांबत असेल तर

९० टक्क्यांच्या पुढे फसणं हे बहुतेक वेळा वेगाचं आणि डिस्कच्या कडेचं दुखणं असतं. लॅपटॉपच्या सपाट ड्राइव्हवर ८एक्स (म्हणजे मूळ वेगाच्या आठपट) लिहिलेलं असतं, पण सुरुवातीपासून तो त्या वेगाने लिहीत नाही. आत तो कमी वेगाने सुरू होतो आणि बाहेर जाताना वेग वाढवत ८एक्स गाठतो. म्हणजे सर्वांत जास्त वेग, त्याच्यासाठी लागणारी सर्वांत जास्त शक्ती, आणि डिस्क सर्वांत जास्त थरथरण्याची जागा ही तिन्ही संकटं बाहेरच्या कडेला एकत्र येतात. त्यात कडेलाच बोटांचे ठसे जास्त असतात, आणि तिरप्या ठेवलेल्या डिस्कला बाकही तिथेच येतो.

उपाय साधा आहे: वेग ४एक्सवर आणा. डीव्हीडीचा १एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे १,३८५ किलोबाइट, त्यामुळे ४एक्सने ४.७ जीबीची डिस्क भरायला साधारण १४ मिनिटं लागतात. ही काही मिनिटं वाचवण्यासाठी डिस्क घालवणं परवडत नाही. पण वेग कमीत कमी म्हणजे निकाल उत्तमात उत्तम, हे मात्र खरं नाही. प्रत्येक डिस्कसाठी कुठल्या वेगाला लेझर कसा चालवायचा याची कृती ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये (ड्राइव्हच्या आतच बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) लिहून ठेवलेली असते, आणि १६एक्ससाठी बनवलेल्या डिस्कला २.४एक्सने लिहिताना ती कृती नीट बसेलच असं नाही. सपाट ड्राइव्हसाठी ४एक्स हा माझ्या अनुभवात सर्वांत भरवशाचा वेग आहे.

दुपदरी म्हणजे ८.५ जीबीची डिस्क असेल तर हिशेब बदलतो. त्यात पहिला थर आतून बाहेर आणि दुसरा बाहेरून आत लिहिला जातो, म्हणजे कडेचा भाग बरोबर मध्यावर येतो. ५० टक्क्यांच्या आसपास थांबणारी दुपदरी डिस्क ही ९५ टक्क्यांवर थांबणाऱ्या एकपदरी डिस्कची बहीणच. थकलेला ड्राइव्ह सर्वांत आधी दुपदरी डिस्कवर हार मानतो, म्हणून मी त्या वापरणंच सोडलं. दोन साध्या डिस्क बऱ्या.

शेवटाकडे थांबण्याचं एक निरुपद्रवी कारणही आहे, ते नजरेतून सुटतं. डिस्कवर ४.७ जीबी लिहिलेलं असलं तरी विंडोजच्या मोजणीत ते ४.३८ जीबीच्या आसपास भरतं. त्यातही डीव्हीडी-आरमध्ये ४,७०,७३,१९,८०८ बाइट मावतात आणि डीव्हीडी+आरमध्ये ४,७०,०३,७२,९९२. म्हणजे फरक जवळपास ७ एमबीचा. काठोकाठ भरलेली इमेज (डिस्कचा सगळा मजकूर असलेली एकच फाइल) एकीवर मावते आणि दुसरीवर नाही. तसंही शेवटचे १००-२०० एमबी मोकळे सोडायची सवय ठेवा, कारण सर्वांत वाईट कड तिथेच असते.

डिस्कच बदलून बघा, पण नुसता ब्रँड बघून नाही

माझा दुसरा दोष इथे सापडला. डिस्कच्या डब्यावरचं नाव आणि ती प्रत्यक्षात बनवणारा कारखाना हे वेगळे असू शकतात. खरी ओळख डिस्कवर आतल्या भागात कोरलेली असते, तिला मीडिया आयडी म्हणतात. ड्राइव्ह आधी ती वाचतो आणि आपल्या फर्मवेअरमध्ये त्या आयडीसाठी कृती आहे का ते बघतो. असली तर ती वापरतो, नसली तर एका सर्वसाधारण कृतीवर भागवतो. जुन्या ड्राइव्हने नवीन डिस्क नाकारणं किंवा तिच्यावर वाईट लिहिणं हे बहुधा यातूनच होतं.

विंडोजवर इमगबर्न हे मोफत सॉफ्टवेअर मीडिया आयडी, त्या डिस्कला चालणारे वेग आणि एररचे आकडे तिन्ही दाखवतं. त्याची शेवटची आवृत्ती २०१३ ची आहे, पण या कामासाठी अजून चांगली चालते. लिनक्सवर हेच काम डीव्हीडी+आरडब्ल्यू-मीडियाइन्फो ही आज्ञा करते. मी दोन डबे घेतले होते, नाव एकच, आणि मीडिया आयडी दोन वेगवेगळे. एका डब्यातल्या जवळजवळ सगळ्या डिस्क निघाल्या, दुसऱ्यातल्या निम्म्या गेल्या. वहीत आयडी लिहायला सुरुवात केली नसती तर हे मला कधीच कळलं नसतं, मी एकाच कंपनीला एक दिवस चांगलं आणि दुसऱ्या दिवशी वाईट म्हणत राहिलो असतो.

लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या ड्राइव्हच्या नेमक्या मॉडेलचं फर्मवेअर अपडेट मिळत असेल तर ते टाकण्यात फायदा आहे, कारण त्यात बहुतेक वेळा नवीन मीडिया आयडींच्या कृतीच असतात. मॉडेल तंतोतंत जुळायला हवं, चार्जर लावलेला हवा, ड्राइव्हमध्ये डिस्क नको. दुसऱ्या कंपनीच्या जुळ्या दिसणाऱ्या ड्राइव्हचं फर्मवेअर टाकू नका. ड्राइव्ह कायमचा जाऊ शकतो.

कोऱ्या डिस्कनाही वय असतं. सीडी-आर आणि डीव्हीडी-आरमधलं रंगद्रव्य उन्हाने आणि उष्णतेने बिघडतं. खिडकीजवळच्या फडताळात वर्षानुवर्षं उघडा पडलेला डबा संशयितच समजा.

मध्येच कुठेतरी, दर वेळी वेगळ्या ठिकाणी

२७ टक्के, मग ६१, मग ४४. असं होत असेल तर डिस्कच्या आधी डेटा कुठून येतो तिकडे बघा. डेटाचा ओघ तुटला तरी आताचे ड्राइव्ह लेझर थांबवून पुन्हा त्याच जागी जोडून घेतात. २००० सालच्या आसपास ही सोय आली आणि त्याआधीसारख्या डिस्क नुसत्या ओघ तुटल्याने वाया जात नाहीत. पण दर दोन मिनिटांनी थांबून जोडावं लागलं तर लिखाण खराबच होतं. बफर (ड्राइव्हमधली डेटा साठवायची तात्पुरती जागा) सारखा रिकामा होत असेल तर आधी सगळ्या फाइल लॅपटॉपच्या स्वतःच्या हार्ड डिस्कवर आणा, त्यांची आयएसओ इमेज बनवा आणि ती राइट करा. पेनड्राइव्हवरून किंवा वायफायवरच्या फोल्डरवरून थेट राइट करू नका. सिस्टिम ड्राइव्हवर निदान १० जीबी जागा मोकळी ठेवा, कारण विंडोज राइट करण्याआधी फाइलची प्रत तिथे साठवतं. चार्जर लावा, स्लीप बंद करा.

ड्राइव्ह विंडोज एक्सपीच्या काळातल्या लॅपटॉपमध्ये असेल तर आणखी एक गोष्ट. काही एरर साचल्या की एक्सपी डेटा नेण्याची डीएमए ही जलद पद्धत आपोआप सोडून पीआयओ या हळू पद्धतीवर उतरतं आणि परत वर येत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयडीई (ड्राइव्हची जुन्या प्रकारची जोडणी) चॅनेलच्या गुणधर्मात ते दिसतं. चॅनेल अनइन्स्टॉल करून मशीन पुन्हा सुरू केलं की सुटतं.

आता एक चाचणी सांगतो जी फारशी कुणी करत नाही आणि मला सर्वांत जास्त उपयोगी पडली. सीडी-आर आणि डीव्हीडी-आरवर सिम्युलेशन म्हणजे लटकं राइट करता येतं: सगळं खऱ्यासारखं चालतं, फक्त लेझर लिहिण्याच्या शक्तीवर जात नाही, त्यामुळे डिस्क कोरीच राहते. डीव्हीडी+आरला ही सोय नाही. सिम्युलेशन दोन-तीनदा सुरळीत पार पडत असेल आणि खरं राइट फसत असेल, तर डेटाचा रस्ता, केबल आणि सॉफ्टवेअर निर्दोष आहेत. दोष लेझर, लेन्स किंवा डिस्कचा. सिम्युलेशनच फसत असेल तर लेन्स पुसणं थांबवा आणि रस्ता तपासा.

रस्ता म्हणजे जोडणी. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह खालच्या बाजूच्या एकाच स्क्रूने धरलेला असतो. बॅटरी काढून तो स्क्रू सोडवला की ड्राइव्ह बाहेर सरकतो. मागच्या संपर्कपट्टीवर काळपटपणा आहे का बघा, पुसा आणि पुन्हा घट्ट बसवा. एररमध्ये ०८/०३ दिसत असेल तर ती संवादातली सीआरसी चूक (डेटा वाटेत बिघडल्याची खूण) असते, आणि तिचं मूळ बहुधा इथेच सापडतं. ट्रेवर हलका दाब दिला की ड्राइव्ह मधूनच गायब होतो असं होत असेल, तर आतली चपटी केबल तडकली आहे. शेकडो वेळा ट्रे उघडल्या-मिटल्याने ती दुमडते तिथेच फाटते. तिची दुरुस्ती करत बसू नका.

आणि थांबण्याची जागा दर वेळी एकच, समजा बरोबर ३८ टक्के, डिस्क बदलली तरी तीच, असं असेल तर लेन्सची गाडी ज्या दोन बारीक धातूच्या दांड्यांवर सरकते त्या बघा. तेवढ्याच जागी कचरा किंवा सुकलेलं ग्रीस अडकलेलं असतं.

उष्णता

हे कारण पडद्यावर कधीच लिहून येत नाही. लेझर डायोड तापला की त्याच विजेत कमी प्रकाश देतो. लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह बहुतेक वेळा हार्ड डिस्कच्या किंवा प्रोसेसरच्या उबेतच बसलेला असतो. दिवसातली पहिली डिस्क निघते, दुसरी निघते, तिसरी जाते; दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या दोन निघतात. माझ्या वहीत "कितवी डिस्क" या रकान्यानेच हे दाखवलं. ड्रायव्हर पुन्हा टाकल्यावर दोन डिस्क नीट निघण्याचं गुपितही तेच होतं: त्या खटाटोपात लॅपटॉप दोनदा बंद-चालू होई आणि तेवढ्या वेळात ड्राइव्ह निवत असे. दोन डिस्कच्या मध्ये २० मिनिटं थांबा, ट्रेमध्ये डिस्क न ठेवता. लॅपटॉप गादीवर किंवा मांडीवर नको, टणक सपाट पृष्ठभागावर ठेवा.

विंडोज राइट करायलाच देत नाही

बर्नचा पर्यायच दिसत नाही, कोरी डिस्क घातली तरी ती घाला असंच सांगतं, किंवा ड्राइव्हवर पिवळी खूण आणि कोड १९ किंवा ३९ येतो. हा प्रांत खरोखर सॉफ्टवेअरचा. जुनी बर्निंग सॉफ्टवेअर आणि व्हर्च्युअल ड्राइव्ह बनवणारे प्रोग्राम आपले फिल्टर ड्रायव्हर विंडोज आणि ड्राइव्ह यांच्या मध्ये बसवतात आणि अनइन्स्टॉल केल्यावरही मागे सोडतात. रजिस्ट्रीत लोकल मशीनखाली सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, क्लास अशा क्रमाने गेलात की ४डी३६ई९६५ ने सुरू होणारी 'की' (नोंदींचा कप्पा) मिळते. ती आधी एक्स्पोर्ट करून ठेवा. मग त्यातल्या अप्परफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स या दोनच नोंदी काढा आणि मशीन पुन्हा सुरू करा. ज्या प्रोग्रामचा फिल्टर गेला तो नंतर पुन्हा टाकावा लागू शकतो. ऑफिसच्या लॅपटॉपवर मात्र राइट करणं धोरण म्हणूनच बंद केलेलं असू शकतं; तिथे रजिस्ट्रीला हात न लावता तिथल्या व्यवस्थापकांना विचारा.

डिस्क तुमच्या लॅपटॉपवर उघडते आणि दुसरीकडे उघडत नाही, ही वेगळी गोष्ट. विंडोज विचारतं की डिस्क यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसोबत. दुसऱ्यांना द्यायची असेल तर नेहमी दुसरा पर्याय. आणि एकच फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असेल तर यूडीएफ ही फाइल मांडण्याची पद्धत निवडा.

विंडोज दोषी की ड्राइव्ह, हा वाद एका तासात मिटवता येतो. पेनड्राइव्हवरून चालणारं लाइव्ह लिनक्स सुरू करा, इन्स्टॉल करण्याची गरज नाही, आणि त्यातल्या ब्रासेरो किंवा के३बी या बर्निंग सॉफ्टवेअरने तीच इमेज त्याच डब्यातल्या डिस्कवर राइट करा. तिथेही फसली तर विंडोज नव्याने टाकू नका. मी ही चाचणी आधी केली असती तर दोन रात्री वाचल्या असत्या.

पूर्ण झाली तरी तपासा

राइट झाल्यावर व्हेरिफाय (लिहिलेलं पुन्हा वाचून ताडून बघणं) चालू ठेवाच. तेवढाच वेळ जास्त लागतो, पण बर्न यशस्वी असा निरोप म्हणजे ड्राइव्हने लिहायची आज्ञा पाळली एवढंच. काय उमटलं ते वाचल्याशिवाय कळत नाही. शक्य असेल तर डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये वाचून बघा, कारण ज्याने लिहिलं तो आपलं अक्षर सवयीने वाचतो. मी प्रत्येक डिस्कवर फाइलींच्या चेकसमची (फाइल बदललेली नाही ना ते ताडायच्या आकड्यांची) एक छोटी यादीही टाकतो, म्हणजे पाच वर्षांनी घेणाऱ्यालाही तपासता येतं.

ड्राइव्ह बदलायची वेळ

लेन्स स्वच्छ आहे, दोन वेगळ्या मीडिया आयडींच्या चांगल्या डिस्क वापरून झाल्या, ४एक्स आहे, ड्राइव्ह थंड आहे, सिम्युलेशन पार पडतं, लिनक्समध्येही फसतं. इथवर आलात तर डायोड थकला आहे. ड्राइव्हच्या आत लेझरची शक्ती वाढवणारा बारीक स्क्रू असतो आणि तो फिरवावा असं सांगणारे भेटतील. ते करू नका. काही दिवस डिस्क निघतात आणि मग डायोड पूर्ण जातो, वाचण्यापुरताही उरत नाही.

नवा अंतर्गत ड्राइव्ह घेताना जाडी मोजा: १२.७ मिलिमीटर आणि ९.५ मिलिमीटर असे दोन प्रकार जास्त आढळतात, आणि जाड ड्राइव्ह पातळ जागेत जात नाही. जोडणी नव्या साटा प्रकारची की जुन्या आयडीईची ते बघा. पुढची पट्टी आणि मागची धातूची पकड जुन्या ड्राइव्हवरून काढून नव्यावर बसवावी लागते.

बाहेरून लावायचा यूएसबी ड्राइव्ह घेणं सोपं, पण त्याला वीज पुरते ना बघा. यूएसबी २.० च्या एका पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर मिळतात, यूएसबी ३.० मधून ९००, आणि राइट करताना ड्राइव्हला त्याहून जास्त लागू शकते. त्यामुळे वाचायला ठीक आणि राइट करताना मध्येच गायब, हा जुनाच अनुभव नव्या ड्राइव्हवरही येतो. दोन यूएसबी टोकांची केबल सोबत आली असेल तर दोन्ही टोकं लावा. हब मध्ये नको, आणि लांब केबलही नको.

माझा तिसरा दोष हाच होता: लाल डायोड. धूळ पुसून, चांगला डबा निवडून आणि ड्राइव्ह निववूनही काठोकाठ भरलेल्या डीव्हीडींपैकी तीनातली एक व्हेरिफायमध्ये जायचीच. सीडी मात्र एकही गेली नाही. मग मी बाहेरचा ड्राइव्ह घेतला. कॅसेटचे आवाज ऑडिओ सीडी म्हणून हवे असणाऱ्यांच्या प्रती अजून लॅपटॉपच्या जुन्या ड्राइव्हवरच काढतो, १६एक्सने, दोन डिस्कच्या मध्ये २० मिनिटं थांबून. डीव्हीडी सगळ्या बाहेरच्या ड्राइव्हवर, ४एक्सने. वही दोन्हींसाठी एकच आहे.